भावाला मारलेली हाक

आमच्यात सख्खे बहीण-भाऊ वयात आले की एकमेकांशी बोलत नाहीत. तो मान असतो. माझा भाऊ अपाकुकी फायबर बोट चालवतो; त्याला काही सांगायचं तर मी माझ्या नवऱ्याकरवी, इसिकेलीकरवी सांगते.

आत्याची माती करून आम्ही आमच्या ओवालाउ बेटावर परतत होतो. निघता निघताच अंधार पडला. बोटीत दहा माणसं आणि तारोकंदांची पोती. लाइफ जॅकेटं फळीखाली प्लास्टिकसकट बांधलेली, तपासणीला नवी दिसावीत म्हणून. मी अगदी पुढे, मांडीवर झोपलेली लेक. इसिकेली मधे, अपाकुकी मागे इंजिनाशी. वेग घेतला की बोटीचं नाक इतकं वर उचलतं, की मागच्याला समोरचं पाणी दिसत नाही. दिवा नव्हताच. मी दोनदा निरोप धाडला, हळू घे म्हणून. उलट निरोप आला, "तिला म्हणावं झोप, उठशील तेव्हा घर आलेलं असेल."

पोत्यांत पाय अडकलेले. उठायला जागा नाही. दर लाटेला बोट आपटायची आणि कण्यातून कळ जायची.

मग समोर पाण्यालगत लाल ठिपका दिसला. विझला, पुन्हा पेटला. कुणीतरी सिगारेट ओढत होतं. मासे धरणारी होडी, तीही बिनदिव्याची, नेमकी आमच्या वाटेत. मी इसिकेलीला सांगितलं. इंजिनाच्या आवाजात त्याला कळेना; कानाशी हात धरून तो पुढे वाकला. तेवढाही वेळ नव्हता. होता नव्हता तेवढा जोर लावून मी ओरडले, "अपाकुकी, थांब."

लहानपणानंतर ते नाव पहिल्यांदाच माझ्या तोंडून निघालं.

त्यानं इंजिन बंद केलं. बोट धप्पकन खाली बसली, कलली आणि होडीला घासत गेली. होडीतला म्हातारा पाण्यात पडला. अपाकुकीनंच उडी टाकून त्याला वर काढलं. म्हातारा खोकत खोकत शिव्या देत होता, पण धड होता.

उरलेली वाट सावकाश गेली. इसिकेली पुढे बसून मोबाइलचा उजेड धरत होता. मलाच चोरट्यासारखं वाटत होतं. बोटीतल्या सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर भावाला हाक मारली होती.

रविवारी प्रार्थनेनंतर अपाकुकी आमच्या दारात आला. माझ्याकडे न बघता त्यानं, आमच्यात माफी मागताना ठेवतात ती, यांगोनाची मुळं चटईवर ठेवली आणि इसिकेलीला म्हणाला, "तिला सांग, चूक माझी होती. आता अंधारात बोट काढणार नाही."

मी तीन हातांवर चुलीशी होते. शब्द न् शब्द ऐकला. तरी इसिकेली उठून आत आला आणि त्यानं तो निरोप मला सांगितला.