माझ्यात नसलेली किल्ली

मित्रांनो, माझ्या मुखपृष्ठावर आग ओकणारा ड्रॅगन आहे म्हणून मला भिऊ नका. आत शिरलात की कळेल, मी अगदीच अर्धवट पुस्तक आहे. सांगताना लाज वाटते, पण सांगतो.

मी एका खेळाचं पुस्तक. हा खेळ बसून, तोंडानं खेळतात. एकानं मला वाचून सांगायचं, "तुमच्यासमोर अंधारा बोगदा आहे," आणि बाकीच्यांनी आपापल्या वीराच्या वतीनं ठरवायचं, पुढं जायचं की पळायचं. जमलं की फसलं ते फासा सांगतो. परदेशात छापून झाल्यावर मी मोठ्या तोऱ्यात दुकानात बसलो होतो. पंच्याऐंशी साली बोटीवर नोकरीला असलेल्या रशीदनं मला उचललं आणि कोल्हापुरात आपल्या बहिणीच्या, सलमाच्या, हातात ठेवलं.

सलमा शाळेत इंग्रजी शिकवायची. तिचे वडील मीरासाब बुकबाइंडर. माझ्या टाचण्या गंजलेल्या बघून त्यांनी त्या उपसल्या, दोऱ्यानं मला शिवलं आणि म्हणाले, "कागद झकास हाय, पर बांधणी म्हंजे निव्वळ चालढकल." आता काय बोलणार? खरंच होतं ते.

दर रविवारी दुपारी त्यांच्या दुकानात खेळ बसायचा. मला वाचून सांगायला सलमा, खेळायला मीरासाब, उचगावात पिठाची गिरणी चालवणाऱ्या शांतव्वा आणि त्यांचा भाचा महालिंग. तो फाउंड्रीत कामाला होता आणि बोलायला फटकळ. वीस बाजूंचा फासा गावात कुठं मिळणार? चहाच्या डब्यात एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या घातल्या. डबा हलवायचा आणि एक काढायची. वा रे मंडळी! महालिंगनं पहिल्याच दिवशी बजावलं, "हे बघ सलमा, पदरचं काय घालायचं न्हाय. न्हायतर तू वडलांचीच बाजू घेशील." सलमानं शब्द दिला, "पुस्तकात आहे तेवढंच सांगेन."

किल्ल्याच्या तळघरात कोंडलेल्या राजपुत्राला सोडवायचं, ही माझी गोष्ट. तिथवर पोचायला सहा महिने लागले आणि तोवर माझी पुरती शोभा झाली. एका दालनाला मी दारच ठेवलं नव्हतं. विहीर नकाशात उजवीकडे, मजकुरात डावीकडे. "इथं छापणाऱ्यानं घोळ घातलाय," असं सलमा सरळ सांगून टाकायची आणि सगळे पोट धरून हसायचे. माझ्यावर चिडलं मात्र कुणी नाही.

मग सलमाचं लग्न ठरलं. ती जयसिंगपूरला जाणार होती आणि खेळाला एकच रविवार उरला होता. आदल्या दिवशी तिनं माझी शेवटची पानं वाचायला घेतली. तळघराचं दार फक्त तांब्याच्या किल्लीनं उघडतं, असं मी ठणकावून सांगत होतो. आणि ती किल्ली कुठं आहे, ते मात्र कुठंच लिहिलेलं नव्हतं! लिहिणारा विसरला, छापणारा विसरला. सलमानं मला तीनदा चाळलं. तिचे डोळे भरून आले. सगळ्यांना त्या दारापर्यंत नेऊन रिकाम्या हातानं परत कसं पाठवायचं? आणि दिलेला शब्द कसा मोडायचा? मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

रविवारी मंडळी दाराशी पोचली. दारात राक्षस उभा. त्याच्याविषयी माझ्यात दोनच ओळी होत्या: त्याची ताकद, आणि दिसताक्षणी हल्ला करतो. महालिंगनं डब्यात हात घातला, तोच शांतव्वांनी त्याचं मनगट धरलं.

"थांब रं. आधी इचारू की." मग पदर सावरून त्या सलमाकडं वळल्या. "काय पावणं, जेवलासा काय?"

"मावशे, राक्षस हाय त्यो!"

"आसंना. दारातल्या माणसाला इचारायचं न्हाय व्हय?"

सलमानं माझ्यात पाहिलं. वार कसे करायचे ते माझ्यात पानंच्या पानं होतं. या साध्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मग ती आवाज जड करून म्हणाली, "न्हाय बाई. लई वर्सं हितं उभा हाय, पर कुणी इचारलंच न्हाय."

शांतव्वांनी खरोखरच पिशवीतली भाकरी काढून तिच्यापुढं ठेवली. सलमानं एक घास खाल्ला. "राक्षसानं गळ्यातली तांब्याची किल्ली काढली," ती म्हणाली, "आणि तुमच्या हातात दिली."

महालिंगनं डोळे बारीक केले. "हे पुस्तकात हाय?"

"नाही," सलमा म्हणाली. "किल्लीच नाही पुस्तकात. मी शब्द मोडला."

महालिंगनं हात लांब करून मला मिटलं आणि बाजूला सारलं. "मग ऱ्हाऊ दे त्ये तिकडं. दार उघडलं का, त्ये सांग."

दार उघडलं! मिटलेला असूनही मी सगळं ऐकलं. माझ्यात राजपुत्राला बोलायला एक शब्द नव्हता. सलमाचा राजपुत्र बोलला, रडला, हसला. मीरासाब मान फिरवून चष्मा पुसत राहिले. मला हेवा वाटला आणि त्याहून जास्त अभिमान वाटला, की ही माणसं माझ्या वाट्याला आली.

सलमा सासरी निघाली त्या सकाळी मीरासाबांनी मला उसवलं आणि शेवटी आठ कोरी पानं घालून पुन्हा शिवलं. "जयसिंगपुरात बी कुणाकुणाला इचारावं लागंल," ते एवढंच म्हणाले.

मित्रांनो, माझ्यात नव्हतं ते सगळं सलमानं त्या आठ पानांवर लिहिलं; आता तिथं जागा उरलेली नाही. माझ्यासारखं चुकांचं पुस्तक हाती आलं तर खुशाल नावं ठेवा, पण रद्दीत टाकू नका. मला कुणी वाचायला घेतलं की आजही सगळे आधी तीच पानं उघडतात, आणि मला ते मनापासून आवडतं.