सदा उघडा दरवाजा

मी फणसाच्या लाकडाचा एक जुना दरवाजा आहे, मित्रांनो. रत्नागिरीतल्या एका रुग्णालयात प्रमुख डॉक्टरांच्या खोलीला मला बसवलेलं आहे. जुना म्हटलं म्हणून कीव करू नका, माझं लाकूड अजून ठणठणीत आहे.

पावस गावातल्या एका बागेत मी वाढलो. वादळात झाड पडलं, सुतारांनी फळ्या पाडल्या, रंधा मारला, पॉलिश केलं आणि मी शहरात आलो. पुढे बरीच वर्षं मी बंदच असायचो. आतल्या साहेबांना तसंच आवडे. बाहेर लोक ताटकळत आणि राग मात्र माझ्यावर काढत.

मग डॉ. मृणाली प्रमुख म्हणून आल्या. पहिल्याच सभेत त्या म्हणाल्या, "माझा दरवाजा सगळ्यांसाठी उघडा आहे. कोणीही, कधीही या." त्या दिवसापासून मला कडी लागली नाही. पाहुण्यांसमोर माझं कौतुक होई आणि मीही फुशारून जाई.

पण दरवाजाला दोन्हीकडचं ऐकू येतं. बालविभागातली आम्रपाली सिस्टर एका दुपारी उंबऱ्याशी येऊन थांबली. आपल्याकडे साहेबाच्या खोलीत 'ये' म्हटल्याशिवाय कोणी पाऊल टाकत नाही. मॅडमनी मान वर केली. फोन कानालाच होता.

"हं, काही अडचण?"

"काय नाय मॅडम. अशीच आलेली."

बाहेर गेल्यावर ती तिच्या सोबतीच्या नंदा सिस्टरला म्हणाली, "दोन औषधांच्या बाटल्या अगदी सारख्या दिसतात गो. काल माझ्या हातात भलतीच आलेली. टोचायच्या आधी नाव बघितलं म्हणून बरं. सांगितलं तर माझी नोकरी जायची. नाय सांगितलं तर उद्या कोणाचं तरी बाळ..."

मी तर सताड उघडा होतो, तरी एवढी मोठी गोष्ट बाहेरच राहिली. आत मॅडम फोनवर कोणाला तरी सांगत होत्या, "आमच्याकडे कोणाची काही तक्रारच नाही." मला फार वाईट वाटलं.

पुढे आषाढात मी फुगलो. धड उघडेना की मिटेना. भागोजी सुतार म्हणाला, "मॅडम, ह्याला काढल्याशिवाय रंधा मारता येणार नाय. आजचा दिवस दुसरीकडे बसा." त्याने मला बालविभागाबाहेरच्या व्हरांड्यात नेऊन भिंतीला टेकवलं. तिथल्याच बाकावर सिस्टर चहा घेतात. मॅडमही तिथेच येऊन बसल्या.

चहा घेताना त्या म्हणाल्या, "मी नवीन होते तेव्हा एकाचं औषध दुसऱ्याला दिलं होतं. पेशंट बचावला, पण मी ते कोणालाच सांगितलं नाही. अजून आठवलं की दचकते. तुमच्याकडून असं होता होता राहिलंय का कधी?"

कोणी बोलेना. आता मॅडम उठतील, असं मला वाटलं. त्या बसून राहिल्या.

"माझ्याकडनं राहिलं, मॅडम," आम्रपाली म्हणाली आणि तिने सगळं सांगून टाकलं.

माझा जीव टांगणीला लागला. "मग आधी का नाही सांगितलंस?" हे वाक्य मी त्या खोलीतल्या प्रत्येक साहेबाच्या तोंडून ऐकलंय आणि नंतर माणसं कायमची गप्प झालेली पाहिली आहेत. मॅडमच्याही ओठांवर ते आलं असावं. त्यांनी ते गिळलं.

"बरं झालं सांगितलंस," त्या म्हणाल्या. "चल, कुठल्या बाटल्या त्या दाखव मला."

संध्याकाळपर्यंत त्या बाटल्या वेगवेगळ्या कपाटांत गेल्या. आम्रपाली आजही तिथेच काम करते.

मला भागोजीने पुन्हा चौकटीत बसवलं. पण सकाळी मॅडम आता खोलीत नसतातच, विभागांतून हिंडत असतात. माझ्यावर धूळ बसते, बिजागऱ्या कुरकुरतात, पाहुण्यांना माझं कोणी काही सांगत नाही. खोटं कशाला बोलू, थोडं वाईट वाटतं. कोणी दोन थेंब तेल घातलं तर बरं होईल.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलंही कोणी मोठ्या हुद्द्यावर बसेल. दरवाजा खुशाल उघडा ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. उठून माणसांजवळ जा, विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. बालविभागातल्या त्या बाळांना अजून बोलता येत नाही. त्यांच्या वतीने बोलणारीच घाबरून गप्प बसली, तर त्यांनी कोणाकडे बघायचं?