पाखरांची डोणी

जिनिंगमधल्या सरकी काढायच्या रेच्याला सोनेरी रंग दिलाय बगा. सोनेरी! ज्या रेच्यात आमच्या बाया दिवसभर कापूस घालायच्या, सरकी एकीकडं, रुई एकीकडं, अन् खोकून खोकून जीव बेजार व्हायचा, तेला आता लग्नातल्या खुर्चीवानी रंग फासलाय. पहिल्यांदा बगितलं तवा तोंडाला पदर लावून भाईर आले.

आमच्या गावाचं नाव कागदावर दुसरंच हाय, पण झरीपासून पाथरीपर्यंत सगळे आमाला जिनवाडीच म्हणतेत. निजामाच्या वक्ताला इथं कापसाची जिनिंग उभी राहिली. दगडी भिंती, विटांचं उंच धुराडं, म्होरं मालकाचा बंगला. भोंगा वाजला की गाव उठायचं, भोंगा वाजला की जेवायचं. पुढं जिनिंग बंद पडली, मालक हैद्राबादला गेले, आत पारव्यांनी घाण केली अन् भाईर बाभळी माजल्या. आता सरकारची योजना आली, जुन्या इमारती जपायच्या. समिती झाली. अध्यक्ष कोण, तर व्यंकटराव.

माझं बोलणं उलटं घेऊ नका. त्या भिंती राहाव्यात असं मलाबी वाटतं. तिथले दगड आमच्या आज्या-पणज्यांनी डोक्यावर वाहिलेत. धुराड्याची चीर समितीनं चुन्यानं नीट बुजवली, ते काम बेस झालं, न्हाई कशाला म्हणू? पण डोणी! डोणीचं जे केलं ते बगून मला शिसारी आली.

डोणी म्हंजी दगडात कोरलेली लांबट कुंडी. जिनिंगच्या मागल्या भिंतीला व्हती. आत कामगारांसाठी हौद व्हता, हौदाला नळ व्हता, पण तो बाकीच्यांसाठी. आमी बौद्ध वस्तीतले. दीक्षा घेऊन वर्षं झाली तरी जिनिंगीत आमी ते जुनेच. दुपारचा भोंगा झाला की आमच्या बाया त्या डोणीपाशी उकिडव्या बसायच्या, तोंडाला ओंजळ लावायच्या, अन् मुकादमाचा पोरगा वरून तांब्यानं पाणी सोडायचा. तांब्या हाताला लागू न्हाई इतक्या उंचीवरून. ओंजळीतून सांडलेलं डोणीत पडायचं अन् ते गाड्यांचे बैल प्यायचे. बैलांना डोणीला तोंड लावायची मुभा व्हती, आमाला न्हवती.

मुकादमाचा तो पोरगा म्हंजी हेच व्यंकटराव. मी मायीसंगं जायची, लहान व्हते. पाणी नाकात गेलं की हे दात काढायचे.

आता ती डोणी तिथून उचलून बंगल्याच्या म्होरं आणलीय. तेल लावून काळी कुळकुळीत केलीय, आत झेंडूची फुलं सोडलीत, अन् वर पाटी: 'मुक्या पाखरांची तहान भागवण्यासाठी दयाळू मालकांनी बांधलेला पाणवठा.'

पाखरं! माझी माय पाखरू व्हय?

तशीच पायांत वहाणा घालून समितीच्या खोलीत गेले. व्यंकटराव सुपारी कातरत बसले व्हते. संगं राजनंदिनी म्हणून ती शहरातली बाई, जुन्या इमारतींची जाणकार. सगळं काम तिच्या देखरेखीखाली चालायलंय.

मी म्हणलं, "व्यंकटराव, ती पाटी कुणी लिहून दिली?"

"मीच की. का गं सगुणा? बरी हाय की."

"कोणती पाखरं येत व्हती तिथं?"

"आता तेला जमाना झाला. मला तर बाई काईच आठवंना."

"तांब्या तुमच्या हातात असायचा."

"असंल बाई. लहानपणी माणूस काय काय करतंय, ते काय ध्यानात राहतंय?"

लहानपणी म्हणे! मिशा फुटल्या व्हत्या, सोयरीक ठरली व्हती. इतकं गुळगुळीत खोटं, अन् वर सुपारीची खांड माझ्यापुढं केली. मला त्या सुपारीचीबी किळस आली.

राजनंदिनी मध्ये पडली. "ताई, तुम्ही म्हणता ते खरं असेल, तर ते पाटीवर यायला हवं. मला काही अडचण नाही. पण माझ्यासमोर दोन बाजू आहेत. अध्यक्षांनी एकदा 'हो, असंच होतं' म्हटलं, तर मी त्याच दिवशी पाटी बदलते."

"ऐकलंत का?" मी व्यंकटरावाला म्हणलं.

"आठवलं तर सांगतो की," ते म्हणले, अन् अडकित्ता पुन्हा चालू.

घरी आले तर आमचा जीवन, माझा धाकटा भाऊ, ओट्यावर बसलेला. तोबी समितीत हाय. मला वाटलं, हा तरी पेटंल. कशाचं काय!

"अक्का, कशाला उकरायलीस? चारचौघांत आपल्यालाच लाज. पाखरांची म्हणतेत तर म्हणू दे की."

"आपल्याला लाज? तहानेनं बसलो आपण, वरून सोडलं तेनं, अन् लाज आपल्याला? थू तुझ्या समितीवर!"

जीवन उठून गेला. माय आत बाजेवर पडली व्हती. केशरबाई म्हणतेत तिला. जिनिंगीत राबलेल्या बायांतली तीच तेवढी मागं राहिलीय, बाकी सगळ्या गेल्या. नजर अधू झालीय, पण कान तिखट. आतूनच म्हणली, "सगुणे, समितीनं मला सत्काराला बोलीवलंय न्हवं? येते म्हणून सांग."

मी अशी भडकले! "शालीसाठी जाणार तू? त्या लबाडाच्या हातून नारळ घेणार?"

"मला शाल नगं का नारळ नगं. मरायच्या आधी तेच्या तोंडून एकदा 'व्हय' ऐकायचंय. ते माझ्याम्होरं उभं तर राहू दे."

मला तिचाबी राग आला, खोटं कशाला बोलू. रातभर तिच्याशी बोलले न्हाई. पण सकाळी तिचं पांढरं लुगडं मीच काढून दिलं.

कार्यक्रमाला मांडव, सनई, फेटे. बॉयलरच्या खोलीत चहा-नाष्ट्याचं हाटेल काढलंय, तिथून भज्यांचा वास. पोरंसोरं सोनेरी रेच्याला टेकून फोटो काढायलेली. पावणे आले, भाषणं झाली. मालक किती दयाळू, गाव कसं एका ताटात जेवणारं. ऐकून ऐकून माझे कान किटले.

मग व्यंकटरावांनी माईक घेतला. "आता आपल्या सर्वांच्या लाडक्या केशरमावशी आपल्या हातानं पाखरांसाठी डोणीत पाणी टाकतील!" सगळा जन्म 'ए केशरे' म्हणून हाक मारली, अन् माईक हातात आला की मावशी. मायीच्या खांद्यावर शाल टाकली. फुलं लावलेला तांब्याचा तांब्या तिच्याम्होरं धरला.

मायीनं तो घेतला न्हाई.

डोणीच्या कडंला हात लावत लावत ती खाली बसली. उकिडवी. लुगडं गुडघ्यात आवळलं, दोन्ही हातांची ओंजळ केली, तोंडाला लावली अन् मान वर करून व्यंकटरावाकडं बगितलं. मी तिला उठवायला गेले तर म्हणली, "थांब. टाकू दे तेला."

व्यंकटराव हासले. "मावशी, पाणी तुमी टाकायचंय."

"मी कवा टाकलं? मी तर पीत व्हते. तहान लागलीय, सोड पाणी."

फोटोवाला वरडला, "साहेब, सोडा सोडा, लय भारी फोटो यायलाय!" पावणेबी हासायलेले. आता न्हाई तरी कसं म्हणणार? व्यंकटरावांनी माईक जीवनच्या हातात दिला.

अन् मग ते अर्धं पाऊल मागं सरकले. कुणी सांगितलं न्हाई, आपसूक सरकले. डाव्या हातानं सदऱ्याचं टोक आवरलं, अंगावर शिंतोडा उडू नये म्हणून. उजवा हात वर गेला, खांद्याच्याबी वर, अन् तांब्या कलला. बारीक धार बरूबर ओंजळीच्या मधोमध. इकडं न्हाई का तिकडं न्हाई. म्हातारा झाला तरी हात चुकला न्हाई बगा. मला नाकात गेलेलं पाणी पुन्हा झोंबलं.

मायीनं एक घोट घेतला. मग ओंजळ सोडून दिली. पाणी झेंडूवर पडलं.

"यंकटा," ती म्हणली, "पाखराला असं पाजतेत का रं?"

व्यंकटरावांचा हात तसाच वर. राजनंदिनी तेंच्या हाताकडं बगायलेली, मग पायाकडं, मग मायीकडं. तिला कळलं. ती हळूच म्हणली, "अध्यक्ष, असंच होतं ना?"

"व्हय," ते पुटपुटले. मला ऐकू आलं, जीवनला ऐकू आलं, राजनंदिनीला अन् मायीलाबी.

"मोठ्यानं म्हण," माय म्हणली. "माईक हाय की."

जीवननं माईक तेंच्या तोंडाम्होरं धरला. हे जीवननं केलं, तेवढं मी तेच्या नावावर लिहिते. व्यंकटरावांनी माईकचं बटण दाबून तो बंद केला.

अन् मांडवातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या! तेन्ला वाटलं पाणी पाजायचा कार्यक्रम झाला. सनईबी सुरू झाली. मला वाटलं, इथंच वकावं, ह्या सगळ्या फेट्यांवर.

मायीनं शालीनं तोंड पुसलं, हात पुसले, अन् ती वली शाल पाटीवर टाकली. पाखरं, मालक, दया, सगळं झाकलं गेलं. "चल," म्हणली.

राजनंदिनीनं नवी पाटी लिहून ठेवलीय, खरं काय ते तिच्यात हाय. ती लावायची तर आधी शाल काढाया पाहिजे. तिनं समितीच्या माणसांना सांगितलं, जुन्या पाटीवरची शाल काढा अन् पाटी उतरवा. एक म्हणला माझी कंबर धरलीय, दुसरा म्हणला आज आमचा उपास हाय. जीवन निघाला व्हता, मीच तेला आडवलं. म्हणलं, तू न्हाई काढायची, तेंच्यातल्या कुणीतरी काढू दे.

शाल कवाच वाळलीय. केशरबाईनं तोंड पुसलेली म्हणून अजून कुणी तिला हात लावला न्हाई.