मेलेल्या नरांची किरकिर

काचेच्या पेटीत रातकिड्यांच्या अकरा माद्या उरल्या होत्या आणि नर एकही नव्हता. सगळे नर बुरशीने गेले होते. संशोधक मुलीने नदीपलीकडचे नर आणून सोडले. मध्ये नदी येण्याआधी दोन्हीकडचे किडे एकाच कुळातले, म्हणजे ते भाऊबंदच. दिसायला तसेच, फक्त त्यांची किरकिर जलद. माद्यांनी त्यांना पत्करलं तरच वंश टिकणार होता.

दोन दिवस नर जीव तोडून किरकिरले. माद्या ढिम्म.

"स्थळ काही वाईट नव्हतं," किडे सांभाळणारे काका म्हणाले. "पण यांची नाकं मुरडलेलीच."

मग तिने नरांच्या मागे स्पीकर ठेवला आणि मेलेल्या नरांची ध्वनिमुद्रित, संथ किरकिर लावली. आवाजाला भुलून माद्या आल्या, तर वाटेत या नरांशी गाठ पडेल, असा तिचा हिशेब.

जिवंत नर गप्प झाले. माद्या हलल्या.

काकांनी स्पीकरकडे हात केला. "अगं, बंद कर ते. ते गेले, हे यांना कोण सांगणार?"

"काका, जरा थांबा. मोजू दे."

दहा मिनिटांनी तिने मोजलं: स्पीकरच्या जाळीवर अकरा, नरांजवळ शून्य.