बोर्दोची गंगा

मी बूच काढायचा स्क्रू बोलतोय. हसू नका. अख्खा फ्रान्स मी आतून पाहिला आहे. म्हणजे बाटलीच्या तोंडातून, पण तिथूनच तो नीट कळतो.

जन्म पॅरिसचा, नोकरी एका छोट्या संस्थानात. महाराजांच्या मेजावर रोज वाइनच्या बाटलीतून फ्रान्सचा एखादा मुलूख यायचा. रुंद खांद्यांची बोर्दो, उतरत्या खांद्यांची बर्गंडी, लांब मानेची अल्सास. बुचात शिरलो की तिथली माती, तिथला पाऊस मला कळायचा. शॅम्पेनचं नाव मात्र काढू नका. ती नुसत्या हातानं उघडते.

मग संस्थान विलीन झालं. महाराजांच्या सामानाचा लिलाव झाला आणि एका पेटीतून दोन समया, मी आणि बोर्दोची एक न उघडलेली बाटली असे बुऱ्हाणपूरला कापसाचे दलाल शालिग्राम यांच्या घरी आलो.

शालिग्रामांनी मला निरखलं आणि कापसाच्या पोत्यात खुपसलं. फिरवून ओढलं, तर आतला नमुना सरळ बाहेर. "राजेलोक बी कापूस तपासत होते म्हणजे," ते म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाटली मात्र वरच्या मजल्यावर गेली. तिच्या कागदावर मनोऱ्यांची हवेली छापलेली होती. शालिग्रामांच्या पत्नी सोजरबाईंना ते देऊळ वाटलं. "काशीचा गंगेचा गडू असाच बंद राहतो ना," त्या म्हणाल्या. "ही राजाघरची गंगा." आणि हळदीकुंकू लावून बोर्दो देवघरात उभी राहिली. अहो, बोर्दो आडवी निजवायची असते. उभी ठेवली की बूच सुकतं. पण माझं ऐकतो कोण?

मी खाली पोत्यांत फिरत राहिलो. एकच ध्यास होता, ती बाटली माझ्या हातून उघडावी. तोवर नाइलाजानं कापसाची चव कळू लागली. धूलकोटचा कोरडा आणि सरळ स्वभावाचा. खकनारचा सरकीच्या वासाचा. जसोंडीचे चुडामण वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारून आणायचे. त्यांच्या मालाला मी वाइनच्या भाषेत पावसाळी साल म्हणायचो.

एके दिवशी शालिग्रामांच्या आई, भागाबाई, अंथरुणाला खिळल्या. डोळे मिटलेले, श्वास वरवरचा. वैद्यांनी मान हलवली. सोजरबाईंना भागाबाईंनी पोटच्या पोरीसारखं वागवलं होतं. "आईंच्या तोंडात गंगा तर घाला," सोजरबाई हुंदके देत म्हणाल्या. बाटली खाली आणली. बूच निघेना. शालिग्राम मला घ्यायला धावले.

माझ्या अंगावर काटा आला. मी आत शिरलो. बूच सुकून भुगा झालं होतं. कसंबसं ओढलं आणि कळलं, माझी बोर्दो पार आंबून गेली होती. जिची इतकी वर्षं वाट पाहिली ती शिरका होऊन भेटली. मला रडू आलं, पण तेव्हा माझ्याकडे कोण बघणार?

"गंगा लाल कशी?" शालिग्रामांनी विचारलं.

"राजाघरची हाय," म्हणत सोजरबाईंनी चमचाभर भागाबाईंच्या तोंडात सोडली.

भागाबाईंनी तोंड वाकडं केलं. मग एक डोळा उघडला. मग त्या उठूनच बसल्या. "कोनं टाकलं रे हे माह्या तोंडात? दात आंबून गेले ना. सोजर, खिचडी टाक, तोंडाची चव गेली पुरी."

तेव्हापासून मी देवघरात आहे. ज्यानं गंगा मोकळी केली त्याला पोत्यात खुपसायचं नाही, असं सोजरबाईंनी बजावलं आहे. माझ्या वेढ्यांत रोज कुंकू भरतं. शेजारी रिकामी बोर्दो, तिच्यात जास्वंदीचं फूल. तिच्याजवळ राहायचं होतं, ते मिळालं. आता आम्हाला बोलायला काही नाही.

भागाबाई ठणठणीत आहेत. नमस्कार करताना हळूच विचारतात, "गंगाच होती का रे ती?" मी काय बोलणार. तुम्हीही बोलू नका.

फक्त एक करा. खाली धूलकोटची पोती आली आहेत, वास इथवर येतो. मला त्या वासाची फार आठवण येते. दुपारी देवघरात कोणी नसतं. माझं कुंकू पुसा, मला खाली न्या आणि एकदा त्या कापसात फिरवा.