हलवू नये

फ्रेम १

"आज्जी, ही चकतीवरची चिकटपट्टी काढू या ना," उन्मेष म्हणाला आणि नखाने पट्टीचं टोक खरवडायला लागला.

कालिंदीने कॅमेरा त्याच्या हातातून काढून घेतला.

"हात लावू नकोस. आत धूळ जाते."

"कोण म्हणालं?"

"आमचे हे. तात्या."

दादरच्या त्या हॉलमध्ये बाराजण होते. चार रविवार, मॅन्युअल फोटोग्राफी, अगदी पहिल्यापासून. शिकवणारा उन्मेष अठ्ठावीस वर्षांचा, दाढी मात्र ऋषीमुनींची. शेजारच्या ध्रुवकडे लाखाचा कॅमेरा, आणि त्यातून तो फोटो काढणार कशाचा, तर स्वतःच्या कॉफीच्या कपाचा. पलीकडची ऋता शटर दाबायच्या क्षणी डोळे मिटून घ्यायची. डोळे मिटून फोटो काढणारी मुलगी कालिंदीने सत्तर वर्षांत पहिल्यांदाच पाहिली. या दिवट्यांपेक्षा आमचे तात्या बरे, असं तिच्या मनात येई, आणि मग तात्यांचाच इतका राग येई की ती ते वाक्य तिथेच सोडून देई.

फ्रेम २

फणसवाडीत त्यांच्या चाळीच्या जिन्यावर दर पाडव्याला सगळ्या बिऱ्हाडांचा फोटो. काढणार तात्या. पोस्टातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला हा माणूस त्या दिवशी सेनापती व्हायचा. डोळ्याला कॅमेरा, डावा हात लेन्सच्या कड्यावर. कडं इकडे, कडं तिकडे, मध्येच आभाळाकडे एक नजर.

"हलू नका! लाइट मोजतोय."

चाळीस माणसं ताटकळत. आत श्रीखंड सैल होतंय. कालिंदी सगळ्यात खालच्या पायरीवर, थेट उन्हात. असे अडतीस पाडवे.

दुसऱ्या वर्षी तिने म्हटलं होतं, "मलाही दाखवा ना, कसं करतात ते."

"मॅन्युअल आहे हा. तुझा मिक्सर नव्हे."

सगळा जिना हसला होता. तिच्या सासूबाईसुद्धा.

यंदा तात्यांचे हात कापायला लागले. पहिल्या मजल्यावरची दर्शना म्हणाली, मोबाइलवर काढू. तात्या तिच्या अंगावर खेकसले. तेव्हा कालिंदी म्हणाली, "मी काढते." तात्या ठसका लागेपर्यंत हसले.

"शीक, शीक. पाडव्याला सगळ्यांसमोर परीक्षा घेईन. कॅमेरा ने. पट्ट्यांना तेवढा हात लावायचा नाही."

फ्रेम ३, ४

वाया. चुकून दाबलं गेलं. हॉलचा पंखा आला असेल.

फ्रेम ९

तिसऱ्या रविवारी उन्मेषने खिडकीत एक पितळी तांब्या ठेवला. प्रत्येकाने चकती फिरवून शटरचा वेग एकेक घर बदलत त्याचे पाच फोटो काढायचे. भोवती चकत्या करकर फिरू लागल्या. कालिंदीची फिरेना.

"आज्जी, पट्टीवरून कशी फिरेल?" ध्रुव म्हणाला. "कॉमन सेन्स आहे यार."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग पट्टीचं टोक धरलं आणि ती एका ओढीत उपटली.

खाली कागदाचा एक बारीक चिटोरा होता. निळी शाई. शिरोरेघ फूटपट्टीने आखावी तशी सरळ. *हलवू नये. १२/३/८७.* आणि खाली तात्यांची सही. फायलीवर करायचे तशी, शेपटी वळवून.

चिटोऱ्याखाली चकती. तिच्यावर हिरव्या रंगात एकच अक्षर. ए.

लेन्सच्या मागच्या कड्यावरची पट्टी तिने स्वतःच काढली. तिथेही हिरवा ए.

उन्मेषने वाकून पाहिलं. "आज्जी, हा ऑटोवर आहे. सगळं कॅमेराच ठरवतो. आपण फक्त फोकस करायचा आणि दाबायचं."

"आणि लाइट?"

"तोही तोच मोजतो."

ध्रुव फिस्सकन हसला.

"अडतीस वर्षं," कालिंदी म्हणाली.

"काय?"

"काही नाही. चकती कशी फिरवतात ते दाखव. सावकाश. आणि ए मुला, पुन्हा दात काढलेस तर हा कॅमेरा तुझ्या डोक्यात घालीन. जुना आहे, जड आहे."

फ्रेम १० ते ३५

तांब्या. तांब्या. तांब्या. खिडकी. ऋता, डोळे मिटलेली. तांब्या.

फ्रेम ३६

पाडव्याच्या सकाळी जिना भरला. तात्यांसाठी खालच्या पायरीपाशी उन्हात खुर्ची मांडली होती, कारण वर चढणं आता त्यांना जमत नाही. टोपी, कोट, हातात काठी. परीक्षकाने बसावं तसे ते बसले.

"अ‍ॅपर्चर किती ठेवलंस?" त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"आठ."

"शटर?"

"अडीचशे."

"हं." तात्यांनी आभाळाकडे पाहिलं. "एक घर कमी कर. ऊन फसवं आहे."

"तात्या, सोडा हो बिचारीला!" वरून गंगाधर ओरडला आणि हशा पिकला.

कालिंदी चार पावलं पुढे आली. कॅमेरा तिने तात्यांच्या गुडघ्यापाशी धरला, बघा म्हणून द्यावा तसा. चकती उघडी होती. चिकटा खोबरेल तेलाने पुसलेला, आकडे लख्ख. जिन्यावरच्या कुणाला त्यात काही वेगळं दिसलं नसतं.

तात्यांची नजर तिथे गेली आणि तिथेच राहिली.

"पट्टी?" त्यांनी विचारलं. इतक्या हळू, की तिला वाकावं लागलं.

"धूळबीळ काही जात नाही हो," ती म्हणाली. "चिटोरा डब्यात ठेवलाय. अक्षर छान आहे तुमचं."

तात्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"काय म्हणतायत परीक्षक?" दर्शनाने वरून विचारलं. "पास का?"

सगळा जिना उत्तराची वाट बघत होता. कालिंदीही.

"काढू दे तिला," तात्या म्हणाले.

ती चार पावलं मागे गेली. कॅमेरा डोळ्याला लावला. चौकटीत तात्या पहिल्यांदाच आले होते, आणि कुठे बघायचं ते त्यांना कळत नव्हतं. उन्हाने डोळ्यांतून पाणी येत होतं.

"हलू नका," ती म्हणाली. "लाइट मोजतेय."

तिने कडं डावीकडे फिरवलं. उजवीकडे फिरवलं. आभाळाकडे पाहिलं. पुन्हा डावीकडे. आत श्रीखंड सैल होत होतं.

तिचं सगळं मघाशीच लावून झालं होतं.