सही करायला काय लागतं?

देवाने सुरेशच्या जिभेवर सगळे शब्द ठेवले, फक्त 'नाही' तेवढं ठेवायला विसरला, असं दमयंती लग्न झाल्यापासून म्हणत आली होती. मिरजेला होती तोवर कौतुकाने म्हणायची. ऑकलंडला आल्यावर त्यातलं कौतुक आटलं आणि नुसता संताप उरला.

त्याचं असं झालं. मिरजेला सुरेश ज्या इस्पितळात डॉक्टर होता, तिथे नोकरांची पतपेढी होती. कर्ज हवं असलं की दोन जामीन लागायचे, आणि जामीन म्हणजे कोण, तर शेजारच्या टेबलावरचा माणूस. आज तू मला, उद्या मी तुला. चहा पिता पिता फॉर्म पुढे यायचा, सही ठोकली की विषय संपला. हप्ते पगारातून परस्पर कापले जायचे, त्यामुळे जामीनदाराला झळ लागल्याचं कुणी ऐकलंच नव्हतं. "सही करायला काय लागतं? शाई!" हे सुरेशचं ठरलेलं वाक्य. अर्ध्या इस्पितळाचे फ्रीज आणि स्कूटरी या माणसाच्या शाईवर आल्या होत्या.

तीच शाई घेऊन स्वारी न्यूझीलंडला आली. आणि एका रविवारी जगदीश दारात उभा राहिला.

जगदीश सांगलीचा, त्यांच्या आधी दोन वर्षं इथे आलेला. हे दोघं लेकीला, श्रुतीला घेऊन नवीन आले तेव्हा कुणी घर भाड्याने देईना. अनोळखी माणसं, नोकरी नाही, कोण देणार? तेव्हा दमयंती त्याला म्हणाली होती, "आम्हाला इथे कुणीच ओळखत नाही हो, भावजी." जगदीशने एका शब्दाने न विचारता त्यांच्या भाड्याला स्वतःची सही दिली. हे खरं आहे, आणि खरं ते सांगितलंच पाहिजे.

आता त्याला माल पोचवायच्या धंद्यासाठी व्हॅन घ्यायची होती. ओटाहुहूतली एक फायनान्स कंपनी कर्ज देत होती, पण जामीन मागत होती, आणि जामीनदाराची गाडीही तारण हवी होती. सुरेशने खिशातलं पेन काढलं. गाडीचा नंबरसुद्धा न अडखळता लिहिला. दमयंती ओट्याशी शिरा परतत होती. तिच्या मनात पाल चुकचुकली, पण पाहुण्यासमोर नवऱ्याला टोकायचं नाही ही माहेरची शिस्त. त्या शिस्तीला तिने पुढे लाख शिव्या घातल्या.

वर्षभरात जगदीशचा धंदा बसला. व्हॅन कंपनीने ओढून नेली, मातीमोलाने विकली, आणि जगदीश एक दिवस ब्रिस्बेनला निघून गेला. जाताना फोनही केला नाही. उरलेलं कर्ज व्याजासकट सुरेशच्या गळ्यात पडलं. व्याज तरी किती? शेकडा तीस! मिरजेचा सावकारसुद्धा लाजला असता. दर आठवड्याला भरायचं, आणि कंपनीतली बाई विचारल्यावर गोड हसून सांगायची की मुद्दल जवळपास तेवढंच आहे. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, अशी सगळी तऱ्हा.

बरं, देऊ नये म्हटलं तर गाडी जाणार. आणि ती पांढरी, म्हातारी कोरोना गाडी गेली की सगळंच जाणार. दमयंती शिकलेली फार्मसिस्ट, पण इथल्या परीक्षा होईपर्यंत तिच्या पदवीला कुणी विचारत नव्हतं. ती पेनरोजच्या एका गोदामात औषधांची खोकी भरायची. पाळी इतक्या पहाटे लागायची की त्या वेळी बससुद्धा झोपलेली असायची. सुरेश दिवसा डॉक्टरकीच्या परीक्षेचा अभ्यास करायचा आणि संध्याकाळी पेट्रोल पंपावर उभा राहायचा. घर चालायचं ते दमयंतीच्या पगारावर. गाडी नाही तर नोकरी नाही, आणि नोकरी नाही तर घरभाडं नाही. इतका सरळ हिशेब होता.

मग काटकसर सुरू झाली. गुरुवारी पगार झाला की आधी कंपनीचा हप्ता, उरेल त्यात घर. बाजार उठता उठता जायचं, म्हणजे मऊ पडलेले टोमॅटो स्वस्त मिळतात. दुधाऐवजी पावडर. थंडीत हीटर बंद, अंगावर दोन-दोन स्वेटर. श्रुतीला शाळेत टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे हवे होते, ते जुन्या कपड्यांच्या दुकानातून आणले. पोरगी बघून म्हणाली, "इट्स ओके, आई." नऊ वर्षांच्या मुलीने हट्ट करावा की नाही? सुरेशची परीक्षेची फी तर दोनदा पुढे ढकलली गेली.

"अहो डॉक्टर," ती चिडली की त्याला डॉक्टर म्हणायची, "तुमचा मित्र तिकडे उन्हात बसलाय, आणि आपण इथे गारठतोय."

"त्याची काहीतरी अडचण असेल गं, दमू."

"अडचण! आपली काय चैन चाललीय?"

त्यावर तो मान खाली घालायचा. ती खाली घातलेली मान बघून तिला आणखी राग यायचा.

जुलैत पंपावरचे सुरेशचे तास कमी झाले आणि दोन हप्ते चुकले. एका पहाटे दमयंती डबा घेऊन बाहेर पडली, तर गाडीमागे ओढून नेणारा ट्रक लागलेला. एक धिप्पाड माओरी माणूस साखळी सोडवत होता. "किआ ओरा," तो संकोचून त्यांच्या भाषेत नमस्कार करत म्हणाला, आणि कागद दाखवू लागला.

दमयंतीला काय झालं कोण जाणे. ती तडक गाडीत जाऊन बसली, आतून दार लावलं, आणि काचेतून मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की गाडी न्यायची तर मलाही न्या, मी उतरणार नाही. आयुष्यात तिने रस्त्यावर आवाज चढवला नव्हता. सुरेश पायजम्यावर बाहेर आला आणि नुसता उभा राहिला. तो माणूस थोडा वेळ डोकं खाजवत राहिला. त्यालाही पोटापाण्याचीच चिंता असणार. शेवटी म्हणाला की गाडी घरी सापडली नाही असं मी सांगतो, पण शुक्रवारी पुन्हा येईन, आणि तेव्हा ऐकणार नाही.

त्या दिवशी कामावर खोकी भरता भरता दमयंतीने ठरवून टाकलं. पेटीत तिच्या आईच्या पाटल्या होत्या. भरीव, जुन्या घडणीच्या, श्रुतीच्या लग्नासाठी जपलेल्या. ऋण, वैरी आणि आग यांची बाकी ठेवू नये, असं ती आईच सांगायची. मग चुकलेले हप्ते तेवढे भरून पुन्हा दळत कशाला बसायचं? शहरातल्या एका गुजराती सोनाराकडे ती एकटी गेली. त्याने पाटल्या वजनात टाकल्या तेव्हा तिने तोंड फिरवलं. दुकानातल्या खुर्चीवर बसून, पदर नव्हता म्हणून स्वेटरच्या बाहीत, पोटभर रडून घेतलं. सोनाराने पाणी दिलं. मग तिने पैसे पर्समध्ये घातले, ओटाहुहूला जाऊन सगळं कर्ज एकदम फेडलं, आणि गाडी मोकळी झाल्याचा कागद घेऊन घरी आली.

सुरेशने कागद बघितला आणि पेटीतली पाटल्यांची रिकामी जागा बघितली. त्या दिवसापासून तो फारसं बोलेनासाच झाला.

ऑगस्टात शंतनू आणि कौमुदी आले. पुण्याचं नवं जोडपं. तो डॉक्टर, ती नर्स, येऊन महिनाही झाला नव्हता. बस बदलत, विचारत विचारत आलेले. दमयंतीने पोहे केले, चहा टाकला. इकडचं तिकडचं झाल्यावर शंतनू घसा खाकरून म्हणाला, "सुरेशदादा, एक काम होतं. कौमुदीला इस्पितळात नोकरी लागलीय, पण रात्रपाळीला बस नाही. गाडी घ्यावी म्हणतोय. कर्ज मिळतंय, पण इथला कुणीतरी सही करणारा..."

दमयंतीचा कप हातातच राहिला. आता हा पेन काढणार! तिने मनात वाक्यं जुळवली. या वेळी शिस्त गेली खड्ड्यात, पाहुण्यांसमोरच बोलायचं.

"जमणार नाही," सुरेश म्हणाला.

'बघू या' नाही, 'विचार करतो' नाही, 'वाईट वाटून घेऊ नका' नाही. फोनवर रॉंग नंबर सांगावा तसं. खिशातलं पेन खिशातच होतं.

शंतनूचा चेहरा उतरला. कौमुदी कानकोंडी होऊन दमयंतीकडे बघत म्हणाली, "राग मानू नका हं, वहिनी. आम्हाला इथे कुणीच ओळखत नाही हो, म्हणून विचारलं."

शब्दसुद्धा तेच, दमयंती जगदीशला म्हणाली होती ते.

चहा अर्धा टाकून ती दोघं उठली. बाहेर पाऊस लागला होता. दमयंतीने किल्ली उचलली. "थांबा, मी सोडते तुम्हाला. बसने कुठे जाता?"

तिने त्यांना पापाटोएटोएला, त्यांच्या दारापर्यंत नेलं. उतरताना कौमुदी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, "गाडी छान आहे, वहिनी."

"हो," दमयंती म्हणाली, "आता आमचीच आहे."

घरी आली तर सुरेश तिथेच, टेबलाशी बसलेला. कप तसेच पडले होते.

"दमू, मी बरोबर बोललो ना?" त्याने विचारलं.

"बरोबर बोललात," ती म्हणाली. काय चुकलं होतं त्याचं? तिलाही तर हेच म्हणायचं होतं. याच एका शब्दासाठी ती किती भांडली होती त्याच्याशी. तिने कप उचलले, मोरीत नेले, नळ सोडला, आणि डोळ्यांतून जे पाणी लागलं ते थांबेचना.

श्रुती पाणी प्यायला आली आणि दचकली. "आई, व्हाय आर यू क्रायिंग?"

"काही नाही गं. आजीच्या पाटल्यांची आठवण आली."

ते खोटं होतं. पाटल्यांसाठी ती सोनाराच्या दुकानातच रडून आली होती.